पाणी पाजलेली पिन

(भंडाऱ्याचा दवाखाना. साल १९८४, धानकापणीचे दिवस. खाटेवर मंगरू, उशाशी त्याची बायको पार्वताबाई. दिघोरीचा म्हातारा लोहार गोमाजी भेटायला आला आहे.)

मंगरू : …नाही काका, डोळे माह्येच फुटले होते. ट्रॅक्टरच्या पुढं काठी घेऊन मीच चालत होतो. झुडपात कुठं खुंट लपला आहे ते डायवरले दाखवाचं, एवढंच त माह्यं काम. तोच खुंट मले कसा दिसला नाही?

पार्वताबाई : वीस दिवसापासून हेच चालू आहे. जेवताना खुंट, झोपताना खुंट. डाक्टर पाय पाहाले येते न हे त्यायले डोळे दाखवते.

गोमाजी : पाय कसा आहे आता?

मंगरू : गुडघ्याखाली काही राहिलंच नाही त कसा असन? तरी रात्री बोटं खाजवते. आता कुठं खाजवू सांगा.

गोमाजी : सेवकराम येऊन गेला म्हणे.

मंगरू : आला होता. डायवर मानूस, त्याले बसनं जमत नाही. उभ्या उभ्या पंख्याकडं पाहात राहिला न गेला. ट्रॅक्टरमागचं झुडपं कापाचं कटर दुरुस्त झालं काय?

गोमाजी : नाही. सोसायटीच्या शेडमंधी पडून आहे. तलावाच्या अर्ध्या पाळीवरची बेशरमची झुडपं तशीच उभी आहे. मंगरू, तुले एक विचारू?

मंगरू : विचारा न.

गोमाजी : खुंट त रोजच लागत होते. बेशरम डोक्याएवढी, त्यात पळसाचे खुंट. खुंट लागला का कटरची पिन तुटे. दिवसातून पाच-पाच डाव. आठवते?

मंगरू : आठवत नाही कसं? तुटली का नवी घडवाले मीच पळत येत होतो तुमच्या भट्टीवर. उन्हात जीव जाये.

गोमाजी : मंग त्या दिवशी काहून नाही तुटली?

पार्वताबाई : म्हंजे?

गोमाजी : ते पिन तुटासाठीच होती, बाई. खुंट अडकला का तिनं तुटावं न पातं जागीच थांबावं. म्हणून ते नरम पायजे. हे मले मोडलेलं कटर उघडलं तेव्हा समजलं, लाखांदूरचा मिस्त्री आला होता, त्यानं सांगतलं. तवापर्यंत मी समजत होतो का माह्यं लोखंड कमी पडून राहिलं.

मंगरू : तुमचं लोखंड कधी कमी पडलं?

गोमाजी : लोकं म्हणत होते न. चावडीवर हसाले लागले. गोमाजीची पिन सुपारीवानी फुटते, म्हातारा आता हातातून गेला, म्हणे. चाळीस वर्ष झाले, माह्या हातचा विळा, कुऱ्हाड कोनी वापस आनली नाही. मले सहन नाही झालं, मंगरू. सोमवारी मी गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं लोखंड घेतलं, लाल केलं न पानी पाजून कडक केलं. कुऱ्हाडीले पाजतो तसंच.

मंगरू : म्हणून मंग तुटलीच नाही.

गोमाजी : नाही तुटली. चार दिवस मी छाती काढून चावडीवरून गेलो. पाचव्या दिवशी कटरची बेरिंग गेली. मी म्हटलं, बेरिंगच खराब असन. ते बदलली त बोल्ट ढिले पडाले लागले. म्हटलं, बोल्ट खराब. आतून मले अर्धं समजून राहिलं होतं का खुंटाचा मार दुसरीकडं बसून राहिला. पर पिन शाबूत होती, न मले तेवढंच पाहाचं होतं. सातव्या दिवशी खुंट लागला न पातंच उडालं, तुह्या पायावर.

पार्वताबाई : न हे तुमी आज सांगता. वीस दिवस मी या मानसाच्या डोळ्यात दवाई टाकून राहिली.

गोमाजी : दोन डाव आलो होतो, बाई. फाटकावरून वापस गेलो. हिंमत नाही झाली.

पार्वताबाई : मंग आज बी कायले आले? तुमचं मन हलकं झालं. आमी याचं काय करू? मले तुमच्या तोंडाकडं पाहावत नाही.

मंगरू : बस पार्वता.

पार्वताबाई : काहून बस? पाय तुमचा गेला न बोल बी तुमीच लावून घेता.

मंगरू : बस म्हनतो न. तुले पुरतं माहीत नाही. यायले बी माहीत नाही.

गोमाजी : काय माहीत नाही?

मंगरू : सेवकरामनं मले कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून पाठवलं होतं. म्हणे, लोहाराले सांग, पिनाले पानी पाजू नको, नरमच राहू दे. मी आलो त भट्टीवर चार जन बसले होते, तुमची टर उडवत होते. तुमी मान खाली घालून घन मारून राहिले होते. त्या चार लोकात तुमाले तुमचाच धंदा कसा शिकवू? पिन उचलली न चुपचाप गेलो. म्हटलं उद्या सांगीन. मंग पिन तुटनंच बंद झालं. माह्या चकरा वाचल्या. सांगाचं राहून गेलं.

पार्वताबाई : मले बी नाही सांगतलं हे.

मंगरू : तुले काय सांगू? खुंटाचं नाव घेत राहिलो का हे दुसरं बोलाचं काम पडत नव्हतं. त्या दिवशी तोंड उघडलं असतं त पाय राहिला असता, काका. डोळा मिटला का हेच येते समोर.

गोमाजी : नसता राहिला.

मंगरू : काहून?

गोमाजी : तू सांगतलं असतं, तरी मी आयकलं नसतं.