तीन ठिकाणी पाठवलेला नमुना

(भुईगाव. रविवारच्या लग्नाआधीची गुरुवारची दुपार. ओटीवर टॅब घेऊन बसलेली ज्युली, तिची पंधरा वर्षांची मुलगी जीना, आणि पायरीवर केळीसाठी बांबूचे टेकू तासत बसलेला फर्डिनंड.)

ज्युली: पुन्हा वाचते. ‘आपल्या पाल्याच्या लेखनात लग्नाचा विषय वारंवार येतो. घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत काय? कृपया आमच्या समुपदेशकांशी त्वरित संपर्क साधावा.’ जीना, काय ते खरं सांग. मी ओरडणार नाही.

जीना: मम्मी, तू आत्ताच ओरडतेयस. आणि मी काही लिहिलेलंच नाहीये!

ज्युली: मग हे कोण? ‘जीना फर्डिनंड लोपीस, वय पंधरा, घरी शिकणारी विद्यार्थिनी.’

जीना: नाव माझंच आहे. पण मी कुठल्याच कोर्सला काही पाठवलं नाही. तूच म्हणालीस ना, आधी तक्ता भरू, मग ठरवू.

ज्युली: तक्ता भरून झाला. फ्रिजवर लावलाय. लेखनाचे ऑनलाइन कोर्स तीन, रकाने नऊ. उद्यापर्यंत नाव नोंदवायचंय आणि आज हे पत्र! ऐक, काय लिहिलंयस ते. ‘लग्न म्हणजे केळीची बाग. केळीला जन्मात एकदाच घड लागतो, मग तिला कापतात.’

जीना: ई! हे मी लिहीन?

ज्युली: पुढे ऐक. ‘वारा सुटला की भरलेली केळ आडवी होते. म्हणून प्रत्येक बाईला टेकू हवा.’

जीना: प्रत्येक बाईला टेकू?

ज्युली: तेच मला झोंबलं. चौदा वर्षं शाळेत शिकवलं, ती नोकरी सोडली, दीड वर्ष तुला घरी शिकवतेय. सगळ्या नातेवाइकांचे टोमणे खाल्ले. कशासाठी? ह्या टेकूसाठी?

फर्डिनंड: वाक्य तसं वाईट नाय.

ज्युली: काय म्हणालास?

फर्डिनंड: काय नाय. वारा सुटलाय म्हणालो.

जीना: पप्पा, इकडे बघ. बांबूकडे नको. माझ्याकडे.

फर्डिनंड: हातात कोयता आहे गं, नजर हलवून चालत नाय.

ज्युली: फर्डी! कोयता खाली ठेव.

फर्डिनंड: ठेवला.

ज्युली: तू पाठवलंस?

फर्डिनंड: त्यांनीच मागितलं होतं. फॉर्मवर स्वच्छ लिहिलेलं, ‘लेखनाचा नमुना पाठवा. आमचे तज्ज्ञ चोवीस तासांत विनामूल्य तपासून देतील.’ आता तज्ज्ञ फुकट तपासतात म्हटल्यावर...

जीना: तू माझ्या नावावर स्वतःचा निबंध पाठवलास?

फर्डिनंड: निबंध नाय तो. टोस्ट आहे. रविवारचा.

ज्युली: अरे देवा. तुझ्या थोरल्या बहिणीच्या, बेलाच्या लग्नाचा टोस्ट?

फर्डिनंड: मग काय करू? बेलाबायनं तोंडावर सांगितलं, ‘ह्या वेळी जेन्सन नको, टोस्ट तू बोलायचास.’ मांडवात दोनशे माणसं, हातात ग्लास, समोर माइक, आणि मी! मला घाम फुटला तो आजपर्यंत सुकला नाय.

जीना: पण जेन्सन अंकल का नको? सगळ्या लग्नांत तोच तर बोलतो.

ज्युली: म्हणूनच नको. सगळ्या लग्नांत तेच बोलतो, फक्त नावं बदलतो.

फर्डिनंड: सँड्राच्या लग्नात नावं पण बदलली नाय. नवरा शेजारी बसलेल्या सँड्राकडे बघायला लागला, ही ब्रिटनी कोण म्हणून.

जीना: बरं, एका ठिकाणी पाठवलंस ना? मी त्यांना कळवते, चूक झाली म्हणून.

फर्डिनंड: एका नाय. तिन्ही ठिकाणी.

ज्युली: तिन्ही?

फर्डिनंड: मातीचा नमुना मी नेहमी तीन ठिकाणी पाठवतो. तुला ठाऊक आहे ते. तिन्ही अहवाल जुळले तरच खत टाकायचं. एकावर विसंबून मागे टोनीची अख्खी बाग पिवळी पडली.

ज्युली: जुळले मग अहवाल?

फर्डिनंड: कुठे! एकानं तर पोरीच्या लग्नाचीच चौकशी लावली. ती तू वाचलीस. दुसऱ्याचा परवाच आला, फार चांगला आला. मी फोनमध्ये जपून ठेवलाय.

जीना: दाखव. ‘अभिनंदन जीना! शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण. तू आमच्या ‘उमलती लेखणी’ गटासाठी निवडली गेली आहेस. तीन महिन्यांत तुझं स्वतःचं पुस्तक!’ पप्पा, खाली प्रशस्तिपत्रक पण आहे. सोनेरी काठ.

फर्डिनंड: बघ. अठ्ठ्याण्णव. मला जन्मात कधी पस्तीसच्या वर पडले नव्हते.

ज्युली: दोन गुण कशाचे कापले?

फर्डिनंड: स्वल्पविराम कमी आहेत म्हणे.

ज्युली: फर्डी, खरं सांगू? मी हाच कोर्स ठरवला होता. त्या प्रशस्तिपत्रकासाठी.

जीना: मम्मी!

ज्युली: हसू नको. रविवारी मांडवात एकेक जण येऊन विचारणार, ‘काय ज्युली, पोरगी अजून घरीच? करते काय दिवसभर?’ मला एक कागद हवा होता गं. काठ सोनेरी नसला तरी चालला असता. पर्समधून काढून दाखवायचा, बस.

जीना: आणि तो कागद पप्पाच्या केळीला मिळाला.

ज्युली: तिसरा अहवाल कुठेय?

फर्डिनंड: तो सोड. तो अहवालच नाय.

जीना: तिसरा म्हणजे मीरा मॅडमचा? उमेळ्याच्या?

ज्युली: त्यांना मी तक्त्यात सगळ्यात खाली ठेवलंय. प्रशस्तिपत्रक नाही, गुण नाहीत, वेबसाइट पण धड नाही. आणि ऑनलाइन म्हणे! स्कूटरवर वीस मिनिटांत पोचू आपण त्यांच्या घरी. जवळ राहणाऱ्या माणसाकडे ऑनलाइन कशाला शिकायचं?

जीना: पप्पा, फोन दे.

फर्डिनंड: त्यात काही नाय गं. चार ओळी आहेत.

जीना: दे तर. ‘नमस्कार. मजकूर दोनदा वाचला. केळ अकरा वेळा आली. बेला सहा वेळा आली, पण एकदाही तोंड उघडत नाही. ती कशी बोलते? तिचं एखादं वाक्य आठवतं का? ता. क. हे लिहिणारी व्यक्ती पंधरा वर्षांची वाटत नाही. वय काही असो, वर्गात जागा आहे.’

ज्युली: ओळखलं बाईनं.

फर्डिनंड: म्हणून तर म्हटलं, सोड.

जीना: पप्पा, एकट्या हिनंच वाचलंय. बाकीच्यांनी फक्त तपासलंय.

ज्युली: हं. हे मात्र खरं. मी सत्तर-सत्तर वह्या तपासायचे ना, मला फरक कळतो.

जीना: मग सांग ना. आत्या कशी बोलते?

फर्डिनंड: कशी म्हणजे? तू रोज ऐकतेस तिला.

जीना: मी ऐकते. तुझ्या टोस्टमधे नाही ऐकू येत. तिथं ती केळ आहे आणि लेस्ली अंकल टेकू.

ज्युली: लेस्लीला बघितलंय का कुणी? गासच्या खाडीवरनं वारा आला तर त्यालाच टेकू द्यावा लागेल.

फर्डिनंड: माणूस चांगला आहे. आपल्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला आला, आणि पंप चालू झाल्यावरही वर्षभर येत राहिला.

जीना: हे लिही की!

फर्डिनंड: हे? हे काय लिहायचं? हे तर नुसतं घडलंय.

जीना: आत्याचं पण असंच सांग. नुसतं घडलेलं.

फर्डिनंड: नाय आठवत मला.

ज्युली: फर्डी, तुला माइकची भीती कशानं बसली? लग्नाला अठरा वर्षं झाली, मी विचारते आणि तू बागेत निघून जातोस.

फर्डिनंड: पाणी सोडायचंय बागेला.

ज्युली: दुपारी दोनला?

फर्डिनंड: बरं, बस. सांगतो. पण टोस्टमधे नाय घालायचं हां. चौथीत होतो मी. वक्तृत्व स्पर्धा. विषय ‘माझे गाव’. गुरुजींनी भाषण लिहून दिलेलं. रोज संध्याकाळी ह्याच ओटीवर मी येरझाऱ्या घालायचो, बोलायचो. बेलाबाय तिथं खांबाला टेकून मोगऱ्याची वेणी करत बसायची. सातवीतच शाळा सुटलेली तिची, फुलं विकायला जायची आईबरोबर. मी बोलत जायचो, ती ओवत जायची. मी अडलो की तिचा हात पण थांबायचा.

जीना: मग?

फर्डिनंड: मग स्पर्धेचा दिवस. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत फादर, सिस्टर्स, परीक्षक. माझा नंबर आला. माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘माझ्या गावाला दोन वाटा. एक वाट जाते समुद्राला. दुसरी...’ आणि संपलं. पुढचं काहीच नाय. माइकमधून माझा श्वास तेवढा ऐकू येत होता सगळ्यांना.

ज्युली: अरे राजा.

फर्डिनंड: आणि मागून, अगदी दारातून आवाज आला. ‘दुसरी वाट जाते बाजाराला!’ बघतो तर बेलाबाय. बाजारातून थेट आलेली. डोक्यावर रिकामी टोपली, पाय धुळीनं भरलेले. सगळा हॉल मागे वळला. मला वाटलं, आता गप्प बसेल. नाय बसली. तिथंच उभी राहून बोलत गेली. ‘समुद्राच्या वाटेला वाळू, बाजाराच्या वाटेला फुलं सांडतात. वाळूतलं पाऊल पाणी पुसतं. फुलांचा वास मात्र घरापर्यंत मागे येतो.’

जीना: हे गुरुजींनी लिहिलं होतं?

फर्डिनंड: कुठलं! गुरुजींच्या भाषणात दुसऱ्या वाटेवर पोस्ट ऑफिस होतं.

ज्युली: म्हणजे तिनं...

फर्डिनंड: तिथल्या तिथं जोडलं. सोळा वर्षांची होती. गुरुजी चिडले, ज्याचं नाव नाय त्यानं बोलू नये म्हणाले. बक्षीस नाय, काय नाय. मी मात्र परत माइकसमोर गेलो नाय.

जीना: आणि घरी येताना? ती काही बोलली?

फर्डिनंड: मी रडत होतो. ती टोपली ह्या हातातून त्या हातात घेत चाललेली. मग म्हणाली, ‘रडू नको रे. तू अडलास म्हणून मला बोलायला मिळालं.’

जीना: पप्पा, हे तिचं वाक्य.

फर्डिनंड: हे टोस्टमधे नाय घालायचं म्हणालो ना मी?

जीना: आत्यानं तुलाच का सांगितलं असेल बोलायला? जेन्सन अंकल कधी अडत नाही, म्हणून?

फर्डिनंड: काय की.

जीना: मम्मी, कागद दे. पटकन, विसरायच्या आत. पप्पा बोलला ते जसंच्या तसं लिहिते.

ज्युली: थांब. हा घे.

जीना: अगं, हा तर तुझा तक्ता! फ्रिजवरचा. नऊ रकान्यांचा.

ज्युली: पाठची बाजू कोरी आहे. लिही. मीरा मॅडमना मी संध्याकाळी फोन करते. आणि विचारते, ऑनलाइनच्या ऐवजी स्कूटरवर आलो तर चालेल का.

फर्डिनंड: आणि रविवारी कुणी विचारलं, पोरगी करते काय, तर?

ज्युली: तर सांगेन, बापाचं ऐकून घेते. एवढं तर मला अठरा वर्षांत जमलं नाही.

जीना: लिहिलं. ऐक पप्पा. ‘लेस्ली आमच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला आला, आणि पंप चालू झाल्यावरही वर्षभर येत राहिला.’ इथं लोक हसतील, थोडा थांब. मग ओटी, मोगरा, तुझ्या येरझाऱ्या. मग हॉल, माइक. ‘माझ्या गावाला दोन वाटा. एक वाट जाते समुद्राला. दुसरी...’ आता पुढचं लिहू?

फर्डिनंड: नको. तिथंच ठेव.

जीना: म्हणजे? अर्ध्यावर?

फर्डिनंड: तिथं मी अडणार. चौथीत अडलो तसाच.

ज्युली: मुद्दाम? दोनशे माणसांसमोर? आणि ती नाही बोलली तर?

फर्डिनंड: बोलेल. मी कुठं अडतो, ते तिला पाठ आहे.