अंडी कुणाला दिसली

— नाही, ताई, फोटो नंतर. आधी लिहून घ्या. शालिग्राम चौधरी, निवृत्त विज्ञान शिक्षक, फैजपूर. आणि शेत माझं — रावेरकडे जाताना, सातपुड्याच्या पायथ्याशी. तुमच्या पेपरात काय आलं होतं? ‘डायनासोरची अंडी सापडली, डॉ. ज्योत्स्ना पाटील यांचा शोध.’ शोध! अहो, ती सहावीत होती तेव्हा ‘डायनासोर’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला आणि तिनं तो वहीत दोनदा चुकवला.

वर्गाच्या खिडकीतून मी डोंगर दाखवायचो. म्हणायचो, पोरांनो, तो काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर. एक लोट यायचा, सगळं जाळून टाकायचा, मग हजारो वर्षं शांत. तळी साचायची, झाडं उगवायची — आणि ती लांब मानेची जनावरं परत यायची, जमिनीत खड्डे करून अंडी घालायची. केळी कुठली, कापूस कुठला, माणूस तर अजून साडेसहा कोटी वर्षं लांब. बाकीची पोरं घंटेकडे कान लावून. ही उभी राहायची — गुरुजी, जळालेल्या जागी परत का यायची? — तेव्हाच म्हटलं, ही पुढे जाणार. बापानं दहावीनंतर लग्न ठरवलं होतं, ते मी मोडलं, त्यांच्या ओसरीवर तीन संध्याकाळ बसून. हे लिहा. नको, हे नका लिहू, तिच्या आईला वाईट वाटेल.

तर दोन वर्षांपूर्वी शेततळं खोदायला घेतलं. मुरमाखाली पांढुरका थर लागला आणि त्यात नऊ गोळे, शहाळ्याएवढे, एकमेकांना चिकटून. मी — आम्ही काम थांबवलं. त्याच दुपारी ज्योत्स्नाला फोन केला. दुसऱ्या कुणाला नाही, तिलाच. अकरा दिवस राहिली आमच्याकडे. पुष्पाबाईंनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, रोज कळण्याची भाकरी करून वाढली तिला. ब्रशनं माती झटकता झटकता तिनं हाक मारली, गुरुजी, बोट लावून बघा. कवचावर बारीक दाणे होते, घामोळ्यांसारखे. मी आयुष्यभर जे फळ्यावर काढलं ते हाताला लागलं हो! रडलो मी तिथं, सांगायला लाज नाही.

मग तिचा लेख आला, इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन बसलो. शेवटी आभार. जीपच्या ड्रायव्हरचं नाव आहे. पुष्पाबाईंचं आहे, जेवणाबद्दल. माझं? तीनदा वाचला मी तो परिच्छेद. नाही. शेतमालक म्हणूनही नाही, गुरुजी म्हणूनही नाही.

काय म्हणालात? शोधणाऱ्याचं नाव आहे? — वाचलाय होय तुम्ही लेख. मग मला कशाला विचारताय? — हो, आहे. मंदाबाई. मजुरीला होती माझ्याकडे, साक्रीकडची. तिच्या फावड्याला पहिला गोळा लागला, कबूल. पण फावडं लागलं म्हणजे शोध होतो का? ओळखावं लागतं, ताई. मी तर म्हटलं होतं, दगड आहेत, बांधावर फेका, काम अडतंय — तर ती खाली बसली, दोन्ही हातांनी माती बाजूला केली आणि म्हणाली, ‘गुरुजी, बठ्ठा गोलच शेतस. एखादं पाखरूनं घर व्हई का?’ सगळे गोलच कसे, म्हणे.

...

छत्तीस वर्षं शिकवलं मी. आणि घरटं तिला दिसलं.

ज्योत्स्नानं आल्या आल्या विचारलं होतं, गुरुजी, आधी कुणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, माझ्या. एवढंच बोललो. पुढं मंदाबाईनं तिला सांगितलं असणार, किंवा दुसऱ्या कुणी, काय फरक पडतो — पण मग मला तोंडावर विचारायचं ना! भांडायचं! माझ्या घरात जेवली, निघताना पाया पडली आणि मनात ठेवून गेली. आपल्या गुरुजींना कुणी असं खोडून टाकतं? लेख वाचून फोन केला तर म्हणते कशी, ‘गुरुजी, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून मी सहा महिने थांबले होते.’ सहा महिने! दिवाळीला फोन केला तिनं, माझ्या वाढदिवसाला केला, पुष्पाबाईंच्या गुडघ्याचं विचारलं, तळ्यात पाणी किती साचलं ते विचारलं — मला काय माहीत ती कशाची वाट बघतेय?

तुम्ही हे सगळं लिहिताय? मिटा ती वही. मिटा म्हटलं ना.

कुठे निघालात? मंदाबाईकडे? — आत्ता नाही भेटायची, कामावर असेल. पाचनंतर जा. केळीच्या पॅकिंग शेडच्या मागे पत्र्याची घरं आहेत, तिसरं तिचं. आणि मी पाठवलं म्हणून सांगू नका. जा आता. दार ओढून घ्या.