गाडी चार बोटं अरुंद

हो ताई, तो मेसेज माझाच. काल संध्याकाळी टाकलेला. आधी त्याचीच माफी मागतो — माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा लवकर सुटली, ऱ्हस्व-दीर्घ काही हाताला लागलं नाही, आणि चांगले शब्द तर त्याहून नाहीत. तुम्ही वाचून हसला असाल. हसा, हरकत नाही, आमचे मिस्त्रीसुद्धा हसले. पण मी चेष्टा नव्हतो करत. खरंच विचारत होतो — तुमच्या शोरूममधली ती पांढरी गाडी चार बोटं अरुंद करून मिळेल का. आता कळतंय हो मला, पत्र्याची वस्तू, ती कोण अरुंद करून देणार. पण मी पडलो दारं-खिडक्या करणारा माणूस. आमच्यात दार चौकटीत बसलं नाही की गिऱ्हाईक काय म्हणतं? जरा रंधा मारून द्या. आणि आम्ही मारतो, आणि बसतं दार. मला वाटलं, तुमच्या कारखान्यातही असेल कुणीतरी असा.

पाणी नको ताई. बसतो ना. या खुर्चीवर बसू का, इथून समोरचं दिसतं — काही नाही, सहज. तर तुम्ही रंगाचं विचारत होतात. रंगाचं काही नाही हो. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाणी नकोत, गार हवा नको, काच हाताने फिरवायची असली तरी चालेल, नुसती नवी हवी आणि सगळ्यात स्वस्त हवी. तुमचा तो टायवाला म्हणाला, एवढ्या पैशात जुनी चांगली मोठी मिळेल की. मिळेल, मला काय ठाऊक नाही? पण जुन्या गाडीला मला कर्ज कोण देणार? नवीला देतात, कारण हप्ता चुकला की तीच उचलून नेता येते — आणि तेसुद्धा मिस्त्री जामीन राहतायत म्हणून, आणि तेसुद्धा ह्या पांढऱ्या गाडीपुरतेच. त्याच्या वर माझं नाव घेऊ नकोस म्हणाले. बरोबरच आहे, त्यांनाही संसार आहे. ती कोपऱ्यातली निळी — हो, अरुंद आहे, बघितलीय मी, मागच्या खेपेला तिच्याभोवती फेऱ्या मारत होतो तेव्हा तुमच्या शिपायाला संशय आला होता. ती बसेल. पण तिची किंमत ऐकली आणि मी हात खिशात घातले. म्हणजे बघा ना, परवडते ती गल्लीत बसत नाही आणि गल्लीत बसते ती परवडत नाही. माणसाने करायचं काय?

दारापर्यंतच कशाला हवी? सांगितलं नव्हतं का मी? नाही सांगितलं. लाज वाटते हो — म्हणजे आईची नाही, सांगायची. आईचा उजवा पाय वाकत नाही. तीनचाकी आमच्या दारापर्यंत येते, पण तिच्यात पाय सरळ ठेवून बसायचं कसं? आणि भाड्याची गाडी आत कोण घालतो, आरशाला ओरखडा आला तर त्याचा दिवस गेला, ते सगळे गल्लीच्या तोंडाशी थांबतात आणि हॉर्न वाजवतात. आमचं घर अगदी आत, शेवटचं. दोन वर्षांपूर्वी गुडघा नुसता सुजला होता, तेव्हा आईला आम्ही खुर्चीत बसवून उचलून नेत होतो, चौघं जण, आणि वळणावर शिवणवाल्या काकूंची दगडी पायरी आहे, ओट्यासारखी कमरेएवढी उंच, बाहेर आलेली, तिला एकाचा पाय अडखळला. खुर्ची कलंडली. आई पडली. पडली ते पडली, पाय तेव्हाच गेला, पण त्याहून वाईट म्हणजे खिडकीतून कुणीतरी हसलं. वाईट मनाने नसेल हसलं, कधीकधी घाबरून पण हसू येतं माणसाला — पण आईने ते ऐकलं. त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर नाही. म्हणते, आता मला उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा मला कळणार नाही. आणि नाहीतर गाडी दाराशी आण. असं ती म्हणाली ताई, चिडून म्हणाली, कारण तिला माहीत होतं मी आणू शकत नाही. मी ते धरून बसलो.

आणि वर डोळे. काचबिंदू म्हणतात त्याला. एक डोळा गेला. गेलं ते परत येत नाही म्हणाले डॉक्टर, उरलाय तो वाचवायचा. तीनदा तारीख दिली त्यांनी, तिन्ही वेळा मी एकटाच गेलो सांगायला की आई येत नाही. तिसऱ्या वेळी ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, हा आठवडा ओलांडू नका, ज्या दिवशी आणाल त्या दिवशी ऑपरेशन करतो, पण सकाळी आणा. म्हणून मी तुम्हाला सारखा विचारत होतो, पैसे भरले की गाडी कधी मिळेल, तिसऱ्या दिवशी नक्की ना, नक्की ना — तुम्हाला वाटलं असेल, काय उतावीळ माणूस आहे, जन्मात गाडी बघितली नाही वाटतं.

तुमच्या पत्रकातली रुंदी बघून मी गल्ली मोजली होती. बसत होती. वळणावरसुद्धा बसत होती, मी घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा, आई, गाडी येतेय. आणि परवा तुम्ही सहज म्हणालात, ही रुंदी आरसे सोडून असते बरं का. ताई, तुमचा काही दोष नाही, तुम्ही खरं तेच सांगितलंत. पण आता आरसे धरून पुन्हा मोजायला हवं होतं. मग मी गाडी बनवली. म्हणजे पट्ट्यांची. दुकानात खिडक्यांच्या उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, मिस्त्रींना विचारून त्या जोडल्या — तुमच्या गाडीची लांबी, तुमच्या गाडीची रुंदी, कमरेएवढ्या उंचीवर धरायची एक मोठी चौकट, आणि पुढे दोन्ही बाजूंना दोन तुकडे ठोकले, आरसे मिटल्यावर बाहेर राहतात तेवढेच. काल संध्याकाळी चांगला उजेड होता तेव्हा पुढे मी आणि मिस्त्री, मागे शेजारचे दोघं, अशी आम्ही ती गाडी धरून गल्लीत शिरलो. सगळी गल्ली दारात. कुणी म्हणालं हॉर्न द्या, कुणी म्हणालं पेट्रोल किती खाते, मिस्त्री म्हणाले, चौघांचा चहा. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. रिकामी होती तोवर आम्ही वळणावर ती जरा तिरकी केली, जरा उचलून पायरीवरून नेली, माझं लक्षच नव्हतं त्याकडे, मी पोचण्याच्या घाईत. दाराशी नेली. खाली ठेवली.

आणि आई बाहेर आली. काठी टेकत आली, भिंतीला धरून. तिला नुसता आकार दिसतो ना, तिने हात पुढे केला, पट्टी चाचपली, आरशाचा तुकडा चाचपला आणि म्हणाली, “हिला नुसती हाडंच आहेत, मांस कुठंय?” मी म्हटलं, मांस शोरूममध्ये आहे. तर म्हणाली, मग मला बसवा आत, बघू तर. बसायला आहे काय तिच्यात? मी नको म्हणत होतो. पण मिस्त्रींनी चौकट उचलली, तिच्या डोक्यावरून खाली आणून तिला आत घेतलं आणि कमरेपाशी धरली. तिने दोन्ही हातांनी बाजूची पट्टी पकडली. आम्ही अगदी हळू निघालो. मी पुढे होतो, मला मागचं दिसत नव्हतं, माझा सगळा जीव आरशाच्या तुकड्यांत अडकलेला. वळणावर खट् झालं. आता तिरकी करता येईना, उचलता येईना, आई आत होती. डावा आरसा भिंतीला आणि उजवा काकूंच्या पायरीला. मी बोटं घालून बघितली. चार. चार बोटं जास्त. पुन्हा घेतली मागे, पुन्हा पुढे, पुन्हा खट्. ताई, मी तिथेच मटकन खाली बसलो. सगळे म्हणत होते उठ रे, आई म्हणत होती उठ रे, आणि मला नुसती ती चार बोटं दिसत होती.

मग बाकीच्यांनी चौकट आईसकट मागे घरी नेली आणि मी काकूंच्या पाया पडलो. खरंच पडलो. म्हटलं, काकू, पायरीचा कोपरा फोडू द्या, मी परत बांधून देतो लाकडात. नाही म्हणाल्या. त्या पायरीवर बसून शिवतात त्या, घरात उजेड नाही, त्यांचं पोट त्या पायरीवर आहे, मला कळत नाही का? कळतं. तरी मी रागाने दार आपटून घरी आलो आणि तुम्हाला तो मेसेज टाकला. तुमचं उत्तर आलं नाही. तसं बरोबर, उत्तर काय देणार तुम्ही त्याला. आई म्हणत होती, जाऊ दे, एका डोळ्याने काय आणि अर्ध्याने काय, तुझा आवाज ओळखू येतो मला. असं कुणी बोललं की माणूस काय करेल? तुम्हीच सांगा. मी ठरवलं, सकाळी काकू उठायच्या आत छिन्नी लावायची.

नाही, मी बाहेर नाही बघत. बघतोय, हो. समोर ते दवाखान्याचं दार आहे ना. सांगतो.

आज सकाळी मी हातोडा-छिन्नी घेऊन वळणावर गेलो तर काकू पायरीवर बसलेल्या. सुईत दोरा घालत होत्या. माझ्या हातात काय आहे ते बघितलं, दचकल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. जरा सरकल्या आणि म्हणाल्या, “फोड. पण आधी मला सांग, काल तुझी आई इथवर आली कशी?”

मी म्हटलं, गाडीत बसून.

म्हणाल्या, “गाडीत बसायला होतं काय रे?”

ताई, बसायला काहीच नव्हतं. ती चालत आली होती. आमच्या दारापासून वळणापर्यंत, दोन वर्षं जी उंबरा ओलांडत नव्हती ती, पट्टी धरून, स्वतःच्या पायाने. आणि मी पुढे तोंड करून आरसे सांभाळत होतो. गल्लीत कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं, सगळे त्या पट्ट्यांकडे बघत होते, म्हणून ती चालली. हे सगळ्या गल्लीने पाहिलं, मी सोडून.

मग मी काय केलं — हातोडा काकूंच्या पायरीवर ठेवला, घरी गेलो, करवत घेतली आणि दोन्ही आडव्या पट्ट्या चार-चार बोटं कापल्या. नुसते आरसे काढून पुरलं असतं, पण भीती वाटली. आरसेही उपटून टाकले. मिस्त्रींना बोलावलं, शेजारच्या दोघांना उठवलं. मिस्त्री म्हणाले, आता खरी गाडी नाही तर एवढी लांब कशाला, निम्मी कर. आई म्हणाली नको, अंगाला कुणी लागलं नाही पाहिजे. वळणावर काकू उठून उभ्या राहिल्या, आपला डबा, कापड, सगळं उचलून छातीशी धरून. ह्या खेपेला खट् झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आम्हाला बघून थांबला वाजवायचा. पुढची सीट मागे सरकवली, पाय सरळ ठेवला. झालं.

आत नेलीय तिला. दोन तासांनी या म्हणाले. डोळा राहील की नाही, ते काही बोलत नाहीत, उशीर झालाय एवढंच म्हणतात. तिथल्या बाकावर मला बसवेना. म्हटलं, ताईंनी मेसेज वाचला असेल, निदान तोंडाने सांगून येऊ की गाडी आता... नको म्हणजे, नको असं नाही, पण... तुम्ही बुकिंगची पानं मिटलीत. उपकार झाले.

तो बघा, माझ्याकडेच हात करतोय ना तो दवाखान्याच्या दारातला? मलाच. एवढ्यात कसं? दोन तास कुठे झालेत अजून? जातो मी. नाही, तुम्ही नका येऊ. एक राहिलंच सांगायचं — ती भाड्याच्या गाडीत बसल्यावर मी चौकट मोडायला घेतली, रस्त्यात अडचण नको म्हणून. तर आईने काचेतून हात बाहेर काढला. म्हणाली, “मोडू नकोस. मला परत यायचंय.” काकूंच्या पायरीला टेकवून ठेवलीय.