बाबा जिना उतरेपर्यंत

थोरला : हे बघ, मी सरळ विचारतो, तू सरळ उत्तर दे. आज वार कोणता?

धाकटी : बाबा जिना उतरेपर्यंत बुधवार.

थोरला : आणि उतरल्यावर?

धाकटी : ते त्यांच्या शर्टावर आहे. रोजचा भुशाने भरलेला असला, तर बुधवारच. इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला असला, तर शनिवार. मग करवत बंद, रंधा बंद, मी बंद.

थोरला : मी इतक्या लांबून चेष्टा ऐकायला आलेलो नाही.

धाकटी : मी तरी कुठे करतेय? सरक जरा. आणि त्या फळीला टेकू नकोस, ओलं पॉलिश आहे. टेकलास ना. राहू दे आता, वाळल्यावर बघू.

थोरला : फोनवर तू म्हणालीस, बाबांचा हल्ली जरा घोळ होतो. जरा. दारात पॉलिशवाले काका भेटले. म्हणाले, गेल्या आठवड्यात तीन शनिवार झाले.

धाकटी : दोनच झाले. तिसरा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घेतला असेल. त्यांची फार सोय झालीय. परवा मला विचारत होते, तुमच्या मंडळीत यायचं तर काय करावं लागतं, आमच्यात असं काही नाही.

थोरला : म्हणजे बाबा बुधवारी उठून म्हणतात आज शब्बाथ, विसाव्याचा दिवस, आणि तू भर बाजारात दुकान बंद करून बसतेस?

धाकटी : बुधवारीच असं नाही. कधी सोमवारही असतो.

थोरला : आणि खरा शनिवार?

धाकटी : तोही पाळते.

थोरला : दोन्ही?

धाकटी : एक देवाचा, एक बाबांचा. देवाकडून अजून तक्रार आलेली नाही. वाचनालयवाल्यांकडून आलीय.

थोरला : कसली?

धाकटी : या खुर्च्यांची. ही शेवटची राहिलीय. आज जोडली तर उद्या पॉलिश, परवा टेम्पो. नाही जोडली तर वाचनालयाच्या वरच्या मजल्याचं सगळं काम ते लोखंडी खुर्च्यांच्या कारखान्याला देणार. मग हे दुकान कशाला उघडं ठेवायचं, हाच प्रश्न. म्हणून पहाटे उठून हातकरवतीने कापत असते. मशीनचा आवाज झाला की बाबा जागे होतात.

थोरला : मग माझंच म्हणणं खरं आहे. हे असं चालणार नाही. मी सगळं ठरवून आलोय. थोड्या वेळात गाडी येईल.

धाकटी : कसली गाडी?

थोरला : घाबरू नकोस. बाबांसाठी चांगली जागा आहे. बाग आहे, नर्स आहेत, सकाळी व्यायाम. आणि मुख्य म्हणजे जेवणघरात मोठ्या अक्षरांत रोजचा वार लिहितात.

धाकटी : म्हणजे रोज सकाळी चहाच्या आधी भिंत त्यांना सांगणार, तुम्ही चुकलात.

थोरला : भिंत खरं सांगणार. दहा आज्ञांतल्या चौथीत सातवा दिवस पाळ म्हटलंय. वाटेल तो दिवस म्हटलेलं नाही.

धाकटी : आणि पाचवीत?

थोरला : पाचवीत आईबापाचा मान राखा म्हटलंय. त्यांच्यासमोर नाटक करा असं म्हटलेलं नाही.

धाकटी : पाठ आहेत तुला अजून.

थोरला : ज्याच्या बापाने रंधा मारता मारता पाठ करून घेतल्या, तो काय विसरणार?

धाकटी : मग बाबा त्या दोघींबद्दल काय सांगायचे तेही आठवत असेल. बाकीच्या सगळ्या म्हणतात, हे करू नको, ते करू नको. या दोनच म्हणतात, कर. दिवस पाळ, मान राख. न करणं सोपं असतं, घरी झोपून राहिलं तरी जमतं. या दोघींसाठी उठावं लागतं.

थोरला : विसाव्याच्या दिवसासाठी उठावं लागतं, हे फक्त बाबाच म्हणू शकतात.

धाकटी : खोटं होतं का? शुक्रवारी ऊन उतरायच्या आत करवतीला तेल घालून चादर घालायचे. आईला चुलीपाशी फिरकू द्यायचे नाहीत. आदल्या दिवशीचं गार जेवण, पण वाढायचे स्वतः. आई म्हणायची, आठवड्यात एक दिवस मला नवरा मिळतो, बाकीचे दिवस सुतार.

थोरला : मला ते दिवस संपता संपत नसत. पोरं बाहेर खेळायची आणि आम्ही त्या चादरीकडे बघत बसायचो.

धाकटी : आणि आता? तुझ्या कंपनीत काय करतोस तू नेमकं? मला अजून कुणाला सांगता येत नाही.

थोरला : कर्मचारी कल्याण. माणसांनी कामातून वेळ काढून विश्रांती कशी घ्यावी, याची शिबिरं घेतो.

धाकटी : कधी असतात ती शिबिरं?

थोरला : शनिवारी. बाकीचे दिवस लोक कामात असतात.

धाकटी : हं.

थोरला : हसू नकोस.

धाकटी : कोण हसतंय? सरस ढवळतेय मी.

थोरला : हे बघ, मला फक्त एवढंच सांग. त्यांना एकदा तरी समजावून सांगितलंस का? शांतपणे, कॅलेंडर दाखवून?

धाकटी : सांगितलं.

थोरला : मग?

धाकटी : बराच वेळ बघत बसले. बोट ठेवून एकेक वार वाचला. मग म्हणाले, म्हणजे आज मी लोकांचं काम बुडवलं. पॉलिशवाल्या काकांपुढे जाऊन हात जोडले. म्हणाले, मी तुम्हाला फसवलं. काका रडायला लागले.

थोरला : काका?

धाकटी : हो, काका. चेष्टा करत नाहीये मी. मग बाबा वर गेले ते खाली येईनात. तासातासाला हाक मारून विचारायचे, आज काय आहे गं. शनिवारी मी सांगायला गेले, बाबा आज शब्बाथ आहे, खरा आहे. तर म्हणाले, तू म्हणतेस तर असेल, मला आता सांगता येत नाही. इस्त्रीचा शर्ट घातलाच नाही त्यांनी. उभ्या जन्मात एक शनिवार न चुकलेला माणूस. तो मी चुकवला.

थोरला : तू कशाला स्वतःवर घेतेस?

धाकटी : त्या आज्ञेची सुरुवात काय आहे, दादा? ‘शब्बाथाची आठवण ठेव’. त्यांना माझं नाव सकाळी आठवतं, संध्याकाळी आठवत नाही. आई गेली हे आठवत नाही. कुठला दिवस ते आठवत नाही. पण काहीतरी आठवायचंय, थांबायचंय, सगळ्यांना थांबवायचंय, एवढं पक्कं आहे. तेवढं एक शिल्लक आहे, आणि मी त्यावर फुली मारू, चूक म्हणून?

थोरला : मी चूक करायला सांगत नाहीये गं. पण दोन्ही एकदम कसं जमायचं? दुकानही आणि बाबाही?

धाकटी : बाबांना जमलं होतं. आजीची खाट.

थोरला : अरे हो. आजीची खाट.

धाकटी : आजीला शब्बाथ मान्यच नव्हता. म्हणायची, देवाचं काम सहा दिवसांत संपलं, माझं साठ वर्षांत संपलं नाही, मी कुठून थांबू?

थोरला : आणि नेमका शनिवारी दुपारी तिच्या खाटेचा पाय निघाला. हाक मारली बाबांना, बसव म्हणून. बसवावा तर शब्बाथ मोडतो, न बसवावा तर आईचा शब्द मोडतो. आम्ही दारात उभे, आता बाबा काय करतात बघायला.

धाकटी : आणि बाबा जाऊन खाटेखाली बसले. पायाच्या जागी खांदा दिला.

थोरला : संध्याकाळपर्यंत. आजी वर आडवी पडून गप्पा मारतेय आणि हे खालून हो म्हणतायत. दिवस मावळला तसे उठले, पटाशी घेतली आणि पाय बसवला. मान दोन दिवस वाकडी होती. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं, माझे बाबा खाटेचा पाय झाले. कुणालाच खरं वाटलं नाही.

धाकटी : हे धर.

थोरला : काय?

धाकटी : खुर्ची. हा मागचा पाय आणि ही पाठ, दोन्ही हातांनी. सरस लावलाय, सांधा दाबून धर. सोडू नकोस. मी तिकडून आवळायचे क्लॅम्प आणते, दोन मिनिटं.

थोरला : अगं, बाहीला लागलं.

धाकटी : पाठीला पॉलिश आहेच. जुळून दिसेल.

(जिन्यावर सावकाश पावलं वाजतात.)

थोरला : कुठला शर्ट आहे?

धाकटी : इस्त्रीचा.

बाबा : काय गं, अजून आवरलं नाहीस? ऊन कुठवर आलं बघ. चादर कुठाय? ही इथेच आहे की. ही घातली करवतीवर.

धाकटी : बाबा, तिच्याखाली क्लॅम्प आहेत, एक मिनिट…

बाबा : असू देत. त्यांनाही विसावा. दिवसरात्र काही ना काही आवळून धरतात बिचारे. आणि हे कोण आलेत?

धाकटी : ओळखलं नाहीत, बाबा?

बाबा : चेहरा पाहण्यातला आहे. बसा, बसा. बसलाच आहात. कामासाठी आला असाल तर आज नाही जमायचं हं. राग मानू नका. आमच्या घराचा नियम आहे, आज कुणी राबायचं नाही. मालक नाही, गडी नाही. दारात परका आला तर त्यानेही नाही. बैल असते तर तेही सोडले असते.

थोरला : मी परका नाही.

बाबा : मग तर तुम्हाला जास्तच विसावा.

थोरला : बाबा, ऐका माझं. आज…

बाबा : आज काय?

धाकटी : दादा.

थोरला : आज उकडतंय फार.

बाबा : उकडतं. खिडकी उघड गं ती. आजच्या दिवशी खिडकी उघडायला हरकत नाही.

थोरला : हात सोडू का मी?

धाकटी : सोडलास तर सांधा उघडला. लाकूड वाया, खुर्ची वाया.

थोरला : मग किती वेळ धरू?

धाकटी : अर्धा तास तरी. बाबांना भेटायलाच आला होतास ना?

बाबा : हे काय करतायत?

धाकटी : काही नाही, बाबा. धरून बसलाय.

बाबा : काम करतायत?

धाकटी : नाही. नुसता धरून बसलाय.

बाबा : खरं?

थोरला : हो. नुसतं धरून बसलोय.

बाबा : मग चालेल. धरून बसणं हे काम नव्हे. मीही बसलो होतो एकदा, आईच्या खाटेखाली.

धाकटी : आत्ता तेच बोलत होतो आम्ही. तिच्या खाटेचा पाय मोडला होता तेव्हा.

बाबा : मोडला नव्हता.

थोरला : म्हणजे?

बाबा : संध्याकाळी बसवायला घेतला तेव्हा बघितलं. पाय शाबूत, खाच शाबूत. पाचर अलगद बाहेर काढून उशीखाली ठेवलेली. मोडलेला पाय असा निघत नाही. आईनेच काढला होता.

धाकटी : आजीने? कशाला?

बाबा : सहा दिवस मी या करवतीपाशी. सातव्या दिवशी देवापाशी. तिच्यापाशी कधी बसत होतो मी?

थोरला : मग तुम्ही तिला विचारलं नाहीत? का काढलास म्हणून?

बाबा : आईला असं विचारतात का? मान राखायचा असतो. पाय बसवला, पाचर ठोकली. जरा सैलच ठोकली.

धाकटी : सैल का?

बाबा : तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. पुन्हा काढायची झाली तर?

थोरला : पुन्हा निघाला होता?

बाबा : महिन्या-दोन महिन्यांनी निघायचा. शनिवार बघूनच. नीट दाब, अंगठा खाली घे. तिथे फट राहतेय. आता बरोबर. कुणी शिकवलं तुला?

थोरला : तुम्हीच.

बाबा : असेल. रंधा कधी सरळ धरला नाहीस, पण सांधा चांगला धरायचास.

धाकटी : दादा, तुझा फोन वाजतोय. खिशातला.

थोरला : हं.

धाकटी : मी बघू का? गाडीवाला आहे. वळणाशी आला असेल, विचारत असेल कुठल्या गल्लीत.

बाबा : घे रे. तुझं काही महत्त्वाचं असेल. मी धरतो तोवर.

थोरला : नको, बाबा. वाजू दे. आज शनिवार आहे.