डोहातला मांगूर

माझं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं, ताई. उन्हाळ्यात पानी उतरलं की आमच्या देवळाचा चौथरा उघडा पडतो, तेवढंच आता माहेर. लगीन होऊन मी ह्या गावात आले, धरणाच्या वरल्या अंगाला. धरणाचं पानी हितवर चढत न्हाई, घोड नदी हितं अजून वाहती हाय, आन गावाखाली देवाचा डोह हाय.

त्या डोहात जाळं टाकायचं न्हाई, गळ टाकायचा न्हाई, ही रीत. त्यातला खवल्या मासा, काय सांगू तुमाला, हातभर लांब, उन्हात खवलं नुसती झळकायची, आन आमचे मालक काठाला उभं राहून चुरमुरं टाकायचे तवा अगदी पायापाशी यायचा. माशाला चारायचा मान आमच्या घराचा. मालक गेले, मग मी चारायला लागले. आन कुनाला पोर झालं की नवस फेडायला लोक खाली नदीत एक जिता खवल्या धरायचे, हळद लावून डोहात सोडायचे. रीत चांगली व्हती, मी रीतीला नावं ठेवत न्हाई.

पन पुढं नदीच बिघडली. जो तो मोटार टाकतो, दोन्ही काठाला पायपा. पाऊस पडतो तो बी असा का, चार दिस कोरडं आन मग एकदमच कोसळतो, डोंगराची माती घेऊन येतो, डोह गाळानं भरत आला. खालचा खवल्या गावंना झाला. आता नवस तर फेडायचा. मग लोकांनी काय करावं, बाजारातनं मासा आनायचा. आन बाजारात जिता मिळतो तो कोन, तर मांगूर, काळा, मिशावाला. सरकारची बंदी हाय त्याच्यावर, तरी टपात वळवळत असतो. खवल्या जीपमधी अर्ध्या वाटंत मरतो, मांगूर मरत न्हाई. पिशवीत घालून आना, चिखलात टाका, तो जगतो. म्हनून लोकांना तोच पसंत.

मी पहिल्यापासनं भांडले. हे खादाड जनावर हाय, डोहात घालू नका म्हनलं. तर लोक म्हनायचे मावशे, देव काय जात बघतो का. माझ्या नातवाच्या नवसाला सुनंच्या माहेरचे नारायणगावावरनं आले, नवी कापडं, पेढं, आन बादलीत मांगूर. मी बादली धरून बसले, म्हनलं हा सोडू द्यायची न्हाई. पोरगा जवळ आला, हळूच म्हनाला, आई, पावण्यांसमोर तमाशा नको. आन माझ्या हातातनं बादली काढून घेतली. माझ्याच पोरानं, ताई. हळद लावली, सोडला, टाळ्या वाजवल्या.

मग खवल्याची पिल्लं दिसंनात. म्होटं म्होटं यायचे, बारकं एक न्हाई. नदीचा अभ्यास करनारे एक सर यायचे तवा, बाटलीत पानी भरून न्यायचे. त्या पावसात एक मांगूर डोहातनं निघून सरपटत आमच्या बांधावर आला, मी खोऱ्यानं मारला. सरांनी त्याचं पोट फाडलं, आत खवल्याची पिल्लं. त्यांनी गाव देवळात बसवला, नीट समजावलं. उन्हाळ्यात डोहाचं पानी कमी असतं तवा जाळं लावू, मांगूर तेवढं काढू, खवल्या परत पान्यात सोडू, आन डोहाच्या वरच्या मोटारी उन्हाळाभर बंद ठेवा. मानूस खरं बोलत व्हता.

मग एक जन म्हनाला, देवाच्या डोहात जाळं? झालं, तेच सगळ्यांनी धरून ठेवलं. मोटारीचं कुनी नावच काढलं न्हाई. त्याच लोकांनी डोहाचं पानी उपसलं, तवा देव न्हाई आठवला. मी उठले, म्हनलं मान माझ्या घराचा हाय, जाळं मी टाकते, पाप लागलं तर मला लागू दे. तर माझा पोरगा उभा राहून काय म्हनतो, आई म्हातारी झालीया, तिचं मनावर घेऊ नका. नवऱ्याच्या मरनाला नव्हतं एवढं एकटं वाटलं.

गावानं आमच्या घराचा मान काढून घेतला. आता भावकीतला दुसरा चारतो. चुरमुरं टाकलं की काळी मिशावाली तोंडं वर येत्यात, लोक मोबाईलवर फोटू काढत्यात, म्हनत्यात बघा, देवाच्या कृपेनं मासा किती वाढला. रीत म्हनून जाळं टाकत न्हाईत, आन त्या रीतीच्या आडोशाला मांगूर पोसतोय.

गेल्या महिन्यात एक म्हातारा खवल्या मरून काठाला लागला. काय सोहळा केला म्हनता. पांढरं फडकं, गुलाल, नारळ, पुरायला सगळं गाव. मला बोलवायला पोरगा आला. मी म्हनलं तुमी मारलाय, तुमीच पुरा. न्हाई गेले.

आता आत दोन-तीन असतील, तेबी माझ्यावानी म्हातारे. ते गेले की झालं. मी काय करनार, काठावर जाऊन बसते, बघते, घरला येते. तुमी आयकलंत, तुमचं भलं व्हवो, लेकराबाळांत सुखी ऱ्हावा. आन तुमच्या वळखीचं कुनी नवस फेडायला इकडं निघालं तर त्याला सांगा, हात जोडून सांगा, की रिकाम्या हातानं ये.