खळ्यावरचा प्रवेश

सगुणाबाई: नाही म्हणजे नाही. चर्चच्या नाटकात सुनेनं बायबलातली रूथ करायची आणि सासूनं तिची सासू नामी, हे माझा किशोर गेल्यापासून ठरलेलंच आहे. आता मध्येच हे काय खूळ काढलंस?

तेजल: नाटकात काम करणार नाही असं कुठं म्हटलं, आई? करणार आहे. फक्त यंदा रूथ नको. मी अर्पा करते.

सगुणाबाई: अर्पा! अगं, ती नामीची दुसरी सून. नवरा मेल्यावर सासूला अर्ध्या वाटेत सोडून माहेरी निघून जाणारी. तिला काम तरी काय आहे? यायचं, रडायचं, सासूचा मुका घ्यायचा आणि चालतं व्हायचं.

तेजल: तेवढं जमेल मला.

सगुणाबाई: जमेल म्हणे! चर्च भरून माणसं तुझी रूथ बघायला येतात. मागच्या वर्षी सुगीच्या, उपकारस्तुतीच्या सणाला तर मनमाडहून गाडी करून आली होती पाहुणेमंडळी. 'तुम्ही जाल तिथं मी येणार' असं तू नामीला म्हटलंस, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना.

तेजल: म्हणूनच नको.

सगुणाबाई: हे बघ, माझ्याशी कोड्यात बोलू नकोस. आता एस्तेरबाई येतील कपडे घेऊन. महिला मंडळाच्या सेक्रेटरी त्या, नाटक बसवणाऱ्या त्या. तूच सांग त्यांना. माझी नाही बाई टाप त्यांच्यापुढं बोलायची.

एस्तेरबाई: (दारातून आत येत, हातात चादरींचं गाठोडं) कुणाची टाप नाही? सरका जरा, हे खाली ठेवू द्या. शरणपूर रोडच्या ट्रॅफिकनं जीव काढला माझा. ही काळी शाल नामीची. ही निळी रूथची. आपल्या चर्चमधला गोरक्ष दिंडोरीहून बाजरीची कणसं आणतोय. पवित्र शास्त्रात सातू आहे, पण मागच्या बाकावरून कुणाला कळतंय?

सगुणाबाई: बसा, चहा टाकते. पण आधी हिचं ऐका. हिला अर्पा करायचीय.

एस्तेरबाई: अर्पा? ती शुभांगी करते की. मागच्या वेळी चुकीच्या बाजूनं बाहेर गेली आणि माइकचा स्टँड घेऊन आडवी झाली, पण करते बिचारी. लोक हसले, तर मीच म्हटलं, असू दे, अर्पाच्या माहेरची, मवाबची वाट खडकाळ होती.

तेजल: मग शुभांगीताईंना रूथ करू द्या ना, मावशी. त्यांना सगळं पाठ आहे.

एस्तेरबाई: पाठ असून काय उपयोग? तिची सासू कॉलनीभर तिच्या कागाळ्या करत फिरते. ती स्टेजवर 'तुमचे लोक ते माझे लोक' म्हणाली, तर माणसं बाकावरून खाली पडतील हसून! तुझं तसं नाही बाळा. तू खरी विधवा, या खऱ्या सासू. इमोशन आपोआप येतं. पाळकसाहेब प्रवचनात उगाच नाही म्हणाले, आपल्या चर्चच्या मंडळीत जिवंत रूथ आहे म्हणून.

तेजल: माहितीये. गेल्या रविवारी मला उभं केलं होतं सगळ्यांसमोर.

एस्तेरबाई: टाळ्या वाजल्या!

तेजल: वाजल्या. मला वाटत होतं, कधी एकदा खाली बसते.

एस्तेरबाई: लाजते गं, लाजते. सगुणाबाई, चहा राहू द्या. गीताची चाल बसवायला आशाकडं जायचंय. उद्या पाचला प्रॅक्टिस. आणि रूथचा विषय बंद! येते.

सगुणाबाई: ऐकलंस? झालं समाधान? आता तरी सांग, काय बिनसलंय तुझं. कोणी काही बोललं का?

तेजल: सगळे चांगलंच बोलतात. तेच तर आहे, आई. भाजी घ्यायला गेले तरी 'ही बघा आमची रूथ' म्हणतात. मी जरा बरा ड्रेस घातला, कुणाशी हसून बोलले, की मला वाटतं आपण या लोकांना फसवतोय.

सगुणाबाई: हसायला बंदी केलीय का तुला कोणी? मी केलीय?

तेजल: तुम्ही नाही.

सगुणाबाई: मग?

तेजल: आई, अंबडला आमच्याच कंपनीत तो महेश आहे ना. किशोर दवाखान्यात होता तेव्हा रक्त द्यायला आला होता बघा.

सगुणाबाई: तो उंच? देवळालीच्या मंडळीतला? मातीच्या दिवशीही आला होता. शेवटपर्यंत थांबला, खुर्च्या उचलू लागला. त्याचं काय?

तेजल: त्यानं मला लग्नाचं विचारलंय.

सगुणाबाई: (निळी शाल उचलून तिची घडी घालू लागते)

तेजल: आई, ती शाल ठेवा ना आधी.

सगुणाबाई: कधी?

तेजल: ईस्टर झाल्यावर.

सगुणाबाई: ईस्टर! म्हणजे अख्खा पावसाळा गेला. रोज माझ्यासमोर बसून जेवतेस आणि ताकास तूर लागू दिली नाहीस! काय सांगितलंस त्याला?

तेजल: थांब म्हटलं. थांबला तो. पण आता कंपनी त्याला पुण्याच्या प्लांटला पाठवतेय. जायच्या आधी त्याला काय ते कळायला हवं.

सगुणाबाई: पुण्याला. म्हणजे तूही.

तेजल: मी हो म्हटलं तर.

सगुणाबाई: आणि मी?

तेजल: तिथंच माझं गाडं अडतं, आई. रोज अडतं.

सगुणाबाई: मग सरळ सांगायचं होतंस! नाटकाच्या आडून कशाला? अर्पा करते म्हणे! सगळ्या मंडळीसमोर माझा मुका घेऊन निघून जाणार होतीस, आणि मी तिथं काळी शाल पांघरून उभ्याउभ्या समजून घ्यायचं?

तेजल: तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. वाटलं, एकदा खोटं खोटं जाऊन बघावं. मी जाताना तुम्ही माझ्याकडं कशा बघता, ते तरी कळेल.

सगुणाबाई: अगं वेडे! असं कोणी करतं का? जा मग. जा! मला काय विचारायचं? किशोर गेला तो मला विचारून गेला होता? नामी गावी परतली तेव्हा बायकांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मारा म्हणजे कडू, माझं सगळं कडू झालंय. ते वाक्य मला कधी पाठ करावंच लागलं नाही.

तेजल: आई, नका हो. मी आजच त्याला नाही म्हणून कळवते.

सगुणाबाई: गप्प बैस. आधी मला धड रडू दे. माणूस रडत असताना त्याच्यावर उपकार करू नयेत.

तेजल: पाणी देऊ?

सगुणाबाई: दे.

तेजल: घ्या. सावकाश प्या. आई, एक विचारू? अर्पा गेली, तेव्हा नामी तिला काय बोलली?

सगुणाबाई: काय बोलणार? काही नाही. शिव्या नाहीत, शाप नाही. उलट आधीच दोघींना आशीर्वाद देऊन मोकळी झाली होती, की देव तुम्हाला नवऱ्याच्या घरी सुख देवो. त्या दोघी रडत होत्या आणि ही बाई आपली सारखी म्हणतेय, जा पोरींनो, परत जा.

तेजल: स्टेजवर तुम्ही ते किती भराभर म्हणता.

सगुणाबाई: म्हणते. एस्तेरबाईच मागून खुणा करतात, आटपा, लोक रूथच्या वाक्याची वाट बघताहेत. आणि खरं सांगू? नामीला माहीत नव्हतं कोण जाणार आणि कोण थांबणार. मला दरवर्षी माहीत असतं. तू थांबणारच आहेस. मग मला 'परत जा' म्हणायला काय जातंय?

तेजल: म्हणजे अर्पा वाईट नव्हती ना?

सगुणाबाई: अगं, सासूनंच तिला निरोप दिला, मग वाईट कशी? वाईट तिला आपण केलं, नाटकापायी. थांब जरा. मला एक सांग. आपलं नाटक संपतं कुठं?

तेजल: रूथ नामीच्या नात्यातल्या बवाज जमीनदाराच्या शेतात कणसं वेचते तिथं. मग आशाताई गीत सुरू करतात आणि पडदा.

सगुणाबाई: आणि शास्त्रात?

तेजल: शास्त्रात पुढं बवाजाचं खळं आहे, तिथून रूथचं त्याच्याशी लग्न जमतं.

सगुणाबाई: खळं आहे! खळ्यावरचा प्रवेश घेऊ या, असं पहिल्या वर्षी मीच म्हटलं होतं. तर एस्तेरबाई म्हणाल्या, छे छे, पाळकसाहेब पहिल्या बाकावर बसतात. सासू विधवा सुनेला नटवून रात्री बवाजाकडं धाडते, हे काय दाखवायचं चर्चमध्ये? झालं, कापला प्रवेश. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आणि म्हणून आमची रूथ आपली दरवर्षी बाजरीची कणसं वेचतेय. वेचतेय आणि वेचतेय! लग्नच होत नाही बाई तिचं!

तेजल: आई, तुम्ही हसताय का रडताय?

सगुणाबाई: दोन्ही. मला काय धाड भरली होती गं? शास्त्रातली नामी माझ्यासारखी येडी नव्हती. मारा मारा करत जन्म नाही काढला तिनं. एक दिवस उठून बसली आणि सुनेला म्हणाली, पोरी, तुझ्या सुखाचं मी नाही बघायचं तर कुणी बघायचं? सासू म्हणतेय हे, सासू! बवाज काही आपण होऊन दारात आला नाही. हिनं बुद्धी चालवली. आणि मी तिची नुसती शाल घेतली. तुला ना आई ना बाप, तुझा दादा श्रीरामपुराहून सणाला फोन करतो तेवढाच. तुझं बघायचं कुणी होतं? मीच ना?

तेजल: पण रूथनं लग्न करूनही सासूला सोडलं नाही. मी तर पुण्याला जाणार. तुम्हीही चला ना, आई. महेशही तेच म्हणतो.

सगुणाबाई: तो म्हणाला असं?

तेजल: लग्नाचं विचारलं तेव्हा आधी तेच बोलला. आईंचं काय करायचं ते तू सांग, म्हणाला. मग बाकीचं.

सगुणाबाई: चांगलं आहे पोरगं. पण मी नाही यायची. माझा किशोर इथं मातीत आहे. माझं मंडळ इथं, माझ्या गुडघ्यांचा डॉक्टर इथं. पुण्यात मला कुत्रं ओळखत नाही. एकटी पडेन, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी एकटीपुरता भात टाकताना जड जाईल मला. रडेनसुद्धा. एस्तेरबाईंच्या घरी जाऊन बसेन आणि त्यांचं डोकं खाईन. पण तू माझ्यापायी इथं वाळत बसलीस, तर ते मला सोसायचं नाही.

तेजल: आणि लोक? पाळकसाहेबांनी एवढं उभं केलं मला.

सगुणाबाई: आता मी उभी राहते. सून माझी आहे, मंडळीची नाही. फोन लाव एस्तेरबाईंना. स्पीकरवर टाक, मला धड ऐकू येत नाही.

तेजल: आत्ता? आई, आधी शांतपणे विचार—

सगुणाबाई: लाव म्हणते ना. हॅलो! एस्तेरबाई, सगुणा बोलतेय. यंदा खळ्यावरचा प्रवेश घ्यायचा.

एस्तेरबाई: अहो, काय हे! मी रिक्षात आहे. खळं कुठून काढलंत आता? पाळकसाहेब पहिल्या बाकावर—

सगुणाबाई: बसू देत. त्यांनी काय वाचलेलं नाही होय ते?

एस्तेरबाई: बरं, ते उद्या बोलू. रूथ तेजलच करतेय ना?

सगुणाबाई: शुभांगी करेल.

एस्तेरबाई: शुभांगी! अहो, तिची सासू—

सगुणाबाई: तिच्या सासूलाही बसवा पुढं, पाळकसाहेबांच्या शेजारी. तिलाही चार गोष्टी कळतील. तेजलला यंदा सवड नाही. तिच्या लग्नाचं बघायचंय मला.

एस्तेरबाई: कुणाच्या लग्नाचं?

सगुणाबाई: नीट धरून बसा, पडाल. उद्या सांगते सगळं. ठेवते.

तेजल: आई! आता दिवेलागणीच्या आत सगळ्या कॉलनीत होईल हे.

सगुणाबाई: होऊ दे. मला उद्या सकाळी उठून शब्द फिरवता येऊ नये, म्हणून तर सांगितलं त्यांना. आता ऊठ. महेशला फोन कर, सुटल्यावर इकडंच ये म्हणावं. मी पोहे भिजवते. आणि तू आधी तोंड धू, केस विंचर, चांगला ड्रेस घाल. अशा सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्यासमोर नको जाऊस.

तेजल: मग मी तुमची कोण लागणार, आई?

सगुणाबाई: असलं काही उभ्याउभ्या विचारू नये. जा, तोंड धू. आणि त्याला आत्ताच सांगून ठेव, आपल्यात पहिला नाताळ माहेरी करतात. डिसेंबरात दोघांनी इकडं यायचं.