आईचा व्हरांडा

मेरीबरो गावातल्या बेकरीत, रांगेत माझ्यापुढे दोन जुन्या मैत्रिणी उभ्या होत्या.

"काय गं नोएलीन, आला होता का कौन्सिलचा माणूस?"

"येऊन गेला. घर जुन्या वास्तूंच्या वारसा यादीत घेतलं."

"म्हणजे आता खिळा ठोकायचीही चोरी."

"मला धास्ती होती मागच्या व्हरांड्याची. बाबांनी पत्रे आणि काचा लावून त्याची खोली केलेली. म्हटलं, मूळ घरात नव्हतं म्हणून पाडायला लावणार. आणि आईला तर दुसरीकडे कुठे झोप लागत नाही."

"मग?"

"भावाने वृद्धाश्रमात जागाही बघून ठेवली होती."

"त्याला निमित्तच हवं होतं."

"तर काय. पण त्या माणसाने सगळं वाकून वाकून बघितलं आणि म्हणाला, पोरं वाढली तशी इथे सगळ्यांनीच व्हरांडे बंद केले, तोही इतिहासच. राहू दे."

"सुटलीस बाई."

"ऐक तर. आई पलंगावरूनच विचारते, 'आणि माझं काय?'"

"अगं बाई. तो काय म्हणाला?"

"'आजी, तुम्ही तर व्हरांड्याहून जुन्या. तुम्हाला हलवायचं तर आमची परवानगी लागेल.'"

"भावाला सांगितलंस हे?"

"मी कशाला सांगू? सकाळपासून आईच त्याला फोन करतेय."